लाकडाचा कार्बन आणि कोळशाचा कार्बन, फरक नेमका काय?

रानवाटा
बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतोय, वाद घालायला नाही. कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडली गेलेली झाडं असं शाळेपासून ऐकतोय. म्हणजे त्यातला कार्बन झाडांनी कधीकाळी हवेतूनच घेतलेला ना? मग तो जाळला की परत हवेत गेला, जिथून आला तिथेच गेला, यात नवीन काय घडलं? लाकूड जाळलं तरी तेच, पाचोळा कुजला तरी तेच, आपण श्वास सोडतो त्यातही तोच वायू. तरी लाकूड चांगलं आणि कोळसा वाईट, हे मला पटत नाही. दुसरं असं की हवेत गेलेल्या सीओटूवर (म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूवर) काही शिक्का नसतो, सगळे रेणू सारखेच. मग वाढलेला वायू कोळशाचा आणि तेलाचाच, ज्वालामुखीचा किंवा समुद्रातून निघालेला नाही, हे कशावरून ठरवतात? कुणीतरी नीट सांगा, लिंका नकोत, त्या वाचून गोंधळ आणखी वाढतो.

सावरी
जिथून आला तिथेच गेला हे तुमचं बरोबर आहे, पण यायला किती वेळ लागला आणि जायला किती लागतोय ते बघा, सगळी गोम तिथेच आहे.

जगातला बराचसा दगडी कोळसा साधारण ३६ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या जंगलांचा. झाड पडायचं, पाण्याखाली जायचं, हवा न मिळाल्याने पुरतं कुजायचं नाही, वरून गाळ साचायचा, असं कोट्यवधी वर्षं चाललं तेव्हा ते थर तयार झाले. आणि आपण ते दोन-तीनशे वर्षांत उपसून धूर करायला निघालोय. लाकडाचं तसं नाही. चाळीस वर्षं वाढलेलं झाड जाळलं आणि त्याच जागी दुसरं वाढू दिलं तर चाळीसेक वर्षांत तेवढा कार्बन परत लाकडात येतो. श्वासाचं तर त्याहून सोपं, आज सोडलेला कार्बन थोड्याच काळापूर्वी कुठल्यातरी पिकाने हवेतून घेतलेला असतो, त्यामुळे श्वासाने हवेत भर अशी काही पडतच नाही.

हे फिरतं चक्र मोजमापात चक्क दिसतं. १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांवरच्या मौना लोआ पर्वतावर सीओटू मोजायला सुरुवात केली, ते मोजमाप अजून चालू आहे. तो आलेख एकदा निवांत बघाच. सरळ रेघ नाहीये ती, करवतीसारखी दातेरी आहे. उत्तर गोलार्धात जमीन आणि जंगलं जास्त, तिकडे पालवी फुटली की झाडं सीओटू ओढून घेतात आणि रेघ मे महिन्यानंतर खाली यायला लागते, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळ गाठते, मग पानं गळून कुजायला लागली की परत वर. एकेक दात म्हणजे झाडांचं एका वर्षाचं देणंघेणं. पण प्रत्येक दात मागच्या वर्षीच्या दातापेक्षा वर चढलेला आहे! सुरुवातीला हवेच्या दहा लाख भागांत साधारण ३१५ भाग सीओटू होता, आता ४२० च्या वर. कारखानदारी सुरू व्हायच्या आधी २८० च्या आसपास होता. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे सांगतात की गेल्या ८ लाख वर्षांत तो १८० ते ३०० याच टप्प्यात वरखाली होत राहिला. वर्षाचं चक्र झाडांचं, पण हा चढ त्या चक्राच्या बाहेरून आलेल्या कार्बनचा आहे.

कोट्यवधी वर्षांपूर्वी हवेत जास्त सीओटू होता की, असं कुणीतरी म्हणेलच. होता, पण तेव्हा माणूस नव्हता, शेती नव्हती, किनाऱ्यावर शहरं नव्हती. आपलं सगळं गेल्या दहाएक हजार वर्षांच्या बऱ्यापैकी स्थिर हवामानात उभं राहिलंय.

अणुरेणू
सावरीताईंनी वेळेचं छान सांगितलं, शिक्क्याचं मी सांगतो कारण हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. शिक्का असतो! सगळे कार्बन अणू सारखे नसतात, कार्बन-१२, १३ आणि १४ असे कमीजास्त वजनाचे तीन प्रकार निसर्गात सापडतात.

कार्बन-१४ वर हवेत तयार होतो, अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे सुटलेले न्यूट्रॉन नायट्रोजनवर आदळून. तो किरणोत्सारी आहे, साधारण ५,७३० वर्षांत निम्मा होतो. जिवंत झाड तो सतत घेत असतं, मेलं की घेणं बंद. पन्नास-साठ हजार वर्षांनी मोजण्याइतकाही उरत नाही, मग कोट्यवधी वर्षं पुरलेल्या कोळशात आणि तेलात कुठून असणार, जवळपास शून्य. म्हणजे हवेत कोळशाचा धूर मिसळत गेला तर हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण पातळ होत जायला हवं. १९५५ मध्ये हान्स स्युएस यांनी झाडांच्या वाढीच्या कड्यांमध्ये नेमकं हेच दाखवलं, अलीकडच्या लाकडात ते अपेक्षेपेक्षा कमी निघालं. नंतर अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ अचानक खूप वाढला म्हणून हिशोब जरा किचकट झाला, पण त्या वाढीसकट हिशोब लागतो. आजही मोठ्या रहदारीच्या रस्त्यालगत उगवलेलं गवत तपासलं तर त्यात कार्बन-१४ कमी भरतो, कारण ते गवत गाड्यांच्या धुरातला जुना कार्बन खाऊन वाढलेलं असतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

आता तुम्ही म्हणाल ज्वालामुखीच्या वायूतही कार्बन-१४ नसतो. अगदी बरोबर, म्हणून दुसरा साक्षीदार लागतो, तो कार्बन-१३. झाडं प्रकाशसंश्लेषण करताना हलका कार्बन-१२ जास्त पसंत करतात, त्यामुळे झाडांपासून झालेल्या कोळशात आणि समुद्री शेवाळापासून झालेल्या तेलात १३ चं प्रमाण कमी असतं. ज्वालामुखीच्या वायूत ते इतकं कमी नसतं. आणि हवेतलं १३ चं प्रमाण वर्षानुवर्षं घसरतंय. तिसरा साक्षीदार ऑक्सिजन. जाळायला ऑक्सिजन लागतो, ज्वालामुखीला किंवा समुद्रातून वायू निघायला लागत नाही. चार्ल्स कीलिंग यांचे चिरंजीव राल्फ कीलिंग यांनी हवेतला ऑक्सिजन बारकाईने मोजायची पद्धत बसवली आणि तो खरंच कमी होत चाललाय (श्वासाला काही धोका नाही, घट फार बारीक आहे, पण इंधनाच्या जळणाशी जुळते). समुद्राचं म्हणाल तर तो देत नाहीये, उलट घेतोय, म्हणून तर त्याच्या पृष्ठभागाचा पीएच (हा आकडा घटला की पाणी आम्लाकडे झुकलं) सुमारे ८.२ वरून ८.१ वर आलाय.

एवढं सगळं नको असेल तर साधी बेरीज करा. जगात किती कोळसा, तेल, गॅस जळला याच्या नोंदी आहेत, त्यातून वर्षाला सुमारे ३७ अब्ज टन सीओटू निघतो. सगळे ज्वालामुखी मिळून त्याच्या एक टक्काही देत नाहीत. हवेत जेवढा साठतोय तो आपण सोडलेल्याच्या निम्म्याच्या आसपास आहे, बाकीचा समुद्र आणि झाडं-माती गिळतायत. चोर कोण यावर आता शंका घ्यायला जागाच उरत नाही.

रानवाटा
वा, कार्बन-१३ आणि ऑक्सिजनचं माहीतच नव्हतं, हे पटलं. मग आता उलटा प्रश्न. लाकूड जाळून वीज केली तर काहीच दोष नाही का? आणि गॅसला स्वच्छ इंधन म्हणतात ते कितपत खरं?

बॉयलरवाला
मी औष्णिक वीजकेंद्रात बॉयलरवर बरीच वर्षं काम केलंय त्यामुळे या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही. आधी एक साधा हिशोब घ्या. कार्बनचा अणू १२ वजनाचा, त्याला दोन ऑक्सिजन चिकटतात ते ३२, एकूण ४४. म्हणजे १ किलो कार्बन जळला की सुमारे ३.७ किलो सीओटू. लोकांना वाटतं कोळसा जळला की राख उरते आणि बाकीचं गेलं, पण ते जातं कुठे, जेवढं टाकलं त्याहून जास्त वजनाचं चिमणीतून वर जातं आणि दिसत नाही. ते पसरट टॉवरमधून निघणारे पांढरे ढग दिसतात ना, ती निव्वळ पाण्याची वाफ आहे, फोटोत नेहमी तेच दाखवतात.

कोळसा आम्ही पिठासारखा बारीक दळून गरम हवेबरोबर भट्टीत फुंकायचो, आत जाळाचा गोळा, भिंतीच्या नळ्यांमध्ये पाण्याची वाफ, ती वाफ टर्बाइनवर. एवढं करून कोळशातल्या उष्णतेच्या तिसऱ्या हिश्श्याची, फार तर चाळीस टक्क्यांची वीज होते. बाकीची कंडेन्सरच्या (वाफ थंड करून परत पाणी करणाऱ्या यंत्राच्या) पाण्यात आणि चिमणीत. त्यामुळे एका युनिटमागे ८०० ग्रॅमपासून किलोभर सीओटू निघतो. गॅसवर चांगलं केंद्र चालवलं तर साधारण निम्मा, त्या अर्थाने तो बरा. पण गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन आणि तो विहिरीपासून पाइपापर्यंत कुठेही गळतो. मिथेन हवेत बारा वर्षांच्या आसपासच टिकतो, पण पहिल्या २० वर्षांच्या हिशोबात तो सीओटूच्या ८० पट तापवतो. गळती थोडी वाढली की गॅसचा सगळा फायदा पाण्यात.

लाकडाबद्दल माझं मत जरा कडक आहे. युनिटमागे धूर बघितला तर लाकूड कोळशापेक्षा कमी सोडत नाही, जास्तच सोडतं. फरक फक्त ते परत उगवण्याचा, आणि तो फरक पडायला कित्येक दशकं जातात. जे तसंही कुजणार होतं तो भुसा, काड्या, पाचोळा जाळला तर गोष्ट वेगळी, पण उभं जुनं जंगल तोडून गोळ्या करून भट्टीत घालायच्या आणि त्याला हरित म्हणायचं हे मला अजिबात मान्य नाही. आणि एक कळकळीने सांगतो, कोळशावर काम करणाऱ्या माणसांना खलनायक म्हणू नका, त्यांनी जगाला दिवे दिलेत. केंद्रं बंद करताना त्या माणसांच्या कामाचा विचार आधी व्हायला हवा.

निरभ्र
बॉयलरवाले काका, शंभर टक्के सहमत, त्यात एक जोडतो. लोक म्हणतात जगाची ८० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कोळसा-तेल-गॅसमधून येते, एवढी सौर आणि पवनमधून कशी भरून काढणार. पण एवढी काढायचीच नाहीये, कारण तुम्हीच सांगितलंत तसं त्यातली अर्ध्याहून जास्त उष्णता वायाच जाते. पेट्रोलच्या इंजिनात चाकापर्यंत पाव हिस्सा पोचला तरी खूप, विजेच्या मोटरमध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास. पॅनेल आणि पवनचक्की बनवतानाही सीओटू निघतो, नाही असं नाही, पण आयुष्यभराचा हिशोब केला तर सौरचा युनिटमागे ५० ग्रॅमच्या आसपास, पवन आणि अणुऊर्जेचा १०-१५ ग्रॅम, कुठे कोळशाचे ८०० आणि कुठे हे. अडचण रात्रीची आणि वारा पडण्याची आहे, ती खरी आहे. त्यासाठी बॅटरी, दूरदूरच्या तारा, पाणी वर चढवून साठवणं, अणुऊर्जा असं सगळं मिसळूनच लागेल, एकट्या सौरवर भागणार नाही.

रानवाटा
शेवटचं विचारतो. समजा उद्या सगळं जाळणं थांबलं, तर ४२० चं परत २८० होईल का?

सावरी
आपल्या हयातीत तर नाहीच. समुद्र आणि झाडं बराचसा भाग काही शतकांत ओढून घेतील, पण उरलेला हजारो वर्षं हवेत राहील, कारण तो कायमचा दगडात जायला खडकांची झीज व्हावी लागते आणि ती फार सावकाश होते. मात्र निव्वळ उत्सर्जन (सोडलेल्या सीओटूतून आपण परत काढून घेतलेला वजा करून उरतो तो) शून्यावर आलं की तापमान वाढायचं जवळजवळ थांबतं, असं आत्ताचे बहुतेक अभ्यास दाखवतात. समुद्र तापत जातो तशी तो हवेतली उष्णता कमी कमी शोषतो, त्यामुळे तापमान वर जाऊ पाहतं, पण त्याच वेळी समुद्र सीओटू ओढत राहतो, आणि हे दोन्ही साधारण एकमेकांना तोलतात. समुद्राची पातळी मात्र त्यानंतरही वाढत राहील, कारण बर्फ वितळायला आणि खोल पाणी तापायला वेळ लागतो. तापमान कुठे थांबणार हे आपण तोपर्यंत एकूण किती जाळलं यावर ठरतं, वर्ष कुठलं यावर नाही, म्हणून दहा वर्षं आधी थांबलो तर त्या दहा वर्षांचा सगळा सीओटू वाचतो.