नुकतेच रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे (सांधे सुजवणाऱ्या संधिवाताचे) निदान झाले आहे. औषध सुरू करताना मन धजत नाही

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. माझे वय 34 असून मी प्राथमिक शाळेत शिकवते. गेल्या पावसाळ्यापासून सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नसे आणि बोटांची पेरे व मनगटे सुजत. रक्ततपासणीत आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी हे या आजाराचे दोन्ही निर्देशक पॉझिटिव्ह आल्यावर संधिवाततज्ज्ञांनी निदान सांगितले. त्यांनी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, सोबत फॉलिक ॲसिड आणि थोड्या आठवड्यांपुरते कमी मात्रेचे स्टेरॉइड लिहून दिले आहे. मेथोट्रेक्सेट कर्करोगावर वापरतात, हे वाचल्यापासून गोळ्यांचे पाकीट तसेच पडून आहे. सासूबाई म्हणतात की ओळखीच्या एका गृहस्थांच्या चूर्णाने दोन दिवसांत सूज उतरते, तेच घ्यावे. आम्हाला एक मुलगी असून दुसऱ्या अपत्याचा विचार चालू होता. अशा वेळी काय करावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

गोदातीर (नाशिक)

ताई, मी बरीच वर्षे हा आजार सांभाळून नोकरी करते आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

औषध तेच असले तरी मात्रेत फार मोठा फरक आहे. कर्करोगात ते पुष्कळ जास्त मात्रेत दिले जाते, तर आपल्या आजारात साधारणपणे आठवड्याला 7.5 ते 25 मिलिग्रॅम इतकेच असते. अमेरिकेत 1988 मध्ये या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली आणि आजही जगभर बहुतेक रुग्णांचे उपचार त्यानेच सुरू होतात. भीती बाळगायचीच असेल, तर ती आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली जाण्याची बाळगा, कारण त्याने रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत घटू शकतात. एक वार ठरवा, तो पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा आणि घरातल्यांनाही सांगून ठेवा. रक्तपेशी, यकृत आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कळण्यासाठी) यांच्या तपासण्या डॉक्टर सांगतील त्या वेळी चुकवू नका. मळमळ झाली तर मनाने गोळी बंद न करता त्यांना कळवा; रात्री जेवणानंतर घेणे किंवा इंजेक्शन असे पर्याय असतात.

गुण यायला सहसा सहा ते बारा आठवडे लागतात. तोपर्यंतचे दिवस निभावावेत म्हणून स्टेरॉइड दिलेले आहे. वेदनाशामक गोळीने ठणका कमी होतो, पण आतली हाडाची झीज थांबत नाही, आणि कायमची हानी बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होते. म्हणून थांबू नका, असे मी कळकळीने सांगते.

चूर्णाबद्दल. 1948 मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी या आजाराच्या एका रुग्णाला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिले, तेव्हा अंथरुणाला खिळलेली ती व्यक्ती काही दिवसांतच चालू लागली. 1950 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, पण दीर्घकाळ जास्त मात्रेत घेतल्याचे दुष्परिणामही पुढे लवकरच दिसू लागले. इतक्या झटपट उतार पडण्यामागे बहुधा स्टेरॉइडच असते. निनावी पुड्यांमध्ये ते न सांगता मिसळल्याचे प्रकार आपल्याकडे आढळलेले आहेत, आणि त्यात ते किती आहे हे कोणालाच ठाऊक नसते. सासूबाईंना काळजी आहे म्हणूनच त्या सांगतात, तेव्हा पुढच्या भेटीला त्यांनाही सोबत न्या.

अपत्याचा विचार मात्र पहिली गोळी घेण्याआधीच डॉक्टरांच्या कानावर घाला. मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक असल्यामुळे ते चालू असताना गर्भधारणा टाळावीच लागते आणि प्रयत्न सुरू करण्याआधी ते काही काळ थांबवतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासालाझिन ही याच आजारावरची दुसरी औषधे गरोदरपणातही चालू ठेवता येतात. म्हणजे मूल की उपचार, असा पेच मुळीच नाही, फक्त क्रम ठरवावा लागतो.

हातांचा व्यायाम (नागपूर)

मी व्यवसायोपचार तज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) आहे, म्हणून केवळ हातांबद्दल लिहितो. ज्या कामात बोटांच्या टोकांवर जोर येतो, ते काम तळहातावर किंवा कोपरावर ढकलावे, हे मुख्य सूत्र. पातेले चिमटीत न उचलता दोन्ही तळहातांवर तोलून धरावे, बादली अर्धीच भरावी आणि कपडे पिळण्याऐवजी दांडीवर निथळू द्यावेत. घट्ट कणीक मळणे हे मनगटांना सर्वांत जड जाणारे काम आहे. सूज असेल त्या दिवसांत ते घरातल्या दुसऱ्या कोणी करावे, यात संकोच नको. खडूला जाड धारक लावला की फळ्यावर लिहिणे बरेच सुसह्य होते. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बोटे हळूहळू उघडावीत-मिटावीत. सूज नसलेल्या दिवशी हात पूर्ण विश्रांतीत ठेवू नयेत, कारण स्नायू दुबळे पडतात. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि मुंबईत केईएम, सायन व नायर या रुग्णालयांत व्यवसायोपचार विभाग आहेत. आपल्या जवळ अशी सोय कुठे आहे, हे तज्ज्ञांना विचारावे.

कृष्णाकाठ (सांगली)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आज डॉक्टरांना फोन करून अपत्याच्या विचाराबद्दल सांगितले. त्यांनी गोळी सुरू करण्यापूर्वी पुन्हा भेटायला बोलावले आहे. दही, चिंच आणि टोमॅटो बंद करावेत का, एवढे सांगाल का?

गोदातीर (नाशिक)

आंबटाने हा आजार वाढतो, याला भक्कम पुरावा नाही. एखाद्या पदार्थाने तुम्हाला स्वतःला खरोखर त्रास होत असेल, तर तेवढाच टाळा. डाळी-कडधान्ये मात्र सोडू नका. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल, तर ते आधी बंद करायला सांगा.