अनुभव धागा: जुनी गाडी खोलून बसलात? शेवटपर्यंत तग कसा धरलात ते लिहा

पाचपाखाडीत आमच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये १९८६ ची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. चाकांवर आहे म्हणून 'उभी' म्हणायचं. बॉनेट जिन्याखाली, दारं माझ्या पलंगामागे, सीटा आत्याकडे कळव्याला, आणि रीबोर होऊन आलेलं इंजिन गोणपाटात गुंडाळून ठेवलंय. गाडी काकांची. काका गेले, काकूंनी किल्ली माझ्या हातात दिली आणि मी उत्साहाच्या भरात पाने घेऊन बसलो.

कार्बोरेटर कसा साफ करायचा, ब्रेक कसे भरायचे, हे हवं तेवढं शिकायला मिळतं. मला विचारायचंय ते वेगळं. पहिला हुरूप ओसरला, सामान घरभर पसरलं, सोसायटीचे सेक्रेटरी येता-जाता 'काय मग, कधी?' विचारू लागले, की पुढे कसं रेटायचं? सामानाचा, खर्चाचा, कामाच्या क्रमाचा हिशोब कसा ठेवलात? अर्ध्यात सोडलं असेल तरी लिहा.

ठाणे-नवी मुंबईकरांना खास निमंत्रण. वाड्यात गाडी लावणाऱ्यांना आपली जागेची आणि पावसाची रड कळायची नाही. (पुणेकरांनी रागावू नये. रागावलेच तर प्रतिसादात रागवावं, धागा वर राहील.)

नेरूळ, पद्मिनी १९७९

माझी रस्त्यावर आहे, म्हणून आधी हात वर करतो.

मला कंटाळा यायचा तो सामान सापडत नाही म्हणून. रविवारी सकाळी मोकळा तास मिळावा आणि त्यातला बराचसा एक बोल्ट हुडकण्यात जावा, असं दोन-तीनदा झालं की माणूस पुढच्या रविवारी खाली उतरतच नाही. सगळा भर सामान लावण्यावर द्या, हुरूप आपोआप टिकतो.

सुटलेला बोल्ट शक्यतो त्याच्याच भोकात दोन आटे परत फिरवून ठेवायचा. जिथे जमत नाही तिथे पुठ्ठा. टायमिंग कव्हर, वॉटर पंप यांचे बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात. लांब बोल्ट आखूड जागी गेला की तळाला टेकतो, कव्हर सैलच राहतं, आणि आपण आवळत गेलो की ब्लॉकचे आटे जातात. म्हणून खोक्याच्या पुठ्ठ्यावर कव्हरचा ढोबळ आकार काढायचा आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथे भोक पाडून खुपसून ठेवायचा. वॉशरसकट. इंजिनाचे माझे असे पुठ्ठे अजून माळ्यावर आहेत, बायको टाकू देत नाही, म्हणते पुन्हा खोलशील.

पिशव्यांवर पेनाने लिहू नका, डिझेलचा हात लागला की शाई पुसली जाते. चिठ्ठीवर पेन्सिलने लिहून ती पिशवीच्या आत टाका. आणि 'उजवं-डावं' नको. समोर उभं राहून पाहिलं की उजव्याचं डावं होतं. गॅरेजात म्हणतात तसं ड्रायव्हर साइड, क्लीनर साइड लिहा.

कोपरखैरणे, अजून गाडी नाही

वाचतोय. पुठ्ठ्याची युक्ती भारी!

ऐरोली, मारुती ८००, १९८७

माझी शिफ्ट बदलती असते, त्यामुळे 'दर रविवारी' वगैरे नियम जमले नाहीत. मी पुढच्या काचेवर मार्करने एकच काम लिहून ठेवते. अट अशी की ते तासाभरात संपलं पाहिजे, लागणारं सामान घरात असलं पाहिजे आणि कुणाची वाट बघावी लागता कामा नये. 'वायरिंग करणे' हे काम नव्हे. 'क्लीनर साइडच्या हेडलाइटची अर्थ वायर घासून नवा रिंग टर्मिनल लावणे' हे काम. संपलं की पुसायचं आणि वर जायच्या आधी पुढचं लिहायचं. दमून आल्यावर 'आज काय करू' हे ठरवण्यातच माझी शक्ती जायची, ती वाचली.

शिवाय कॉम्प्युटरवर यादी आहे. भाग, कुठून घेतला, कितीला, बसवला का, एवढे चारच रकाने. आधी मी पुष्कळ रंगीत रकाने केले होते. मग यादी झकास दिसायची आणि गाडी होती तिथेच असायची.

चेंदणी, ठाणे (गाडी नवऱ्याची, संसार माझा)

घरच्यांची बाजूही येऊ दे. आमच्याकडे फियाटचा बंपर दिवाणाखाली आहे. पाहुणा बसला आणि पाय मागे घेतला की 'टण्ण' होतं.

आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. एक, गाडीचे पैसे दर महिन्याला वेगळ्या पाकिटात. पाकीट संपलं की पुढच्या महिन्यापर्यंत फक्त फुकटातली कामं: घासणं, धुणं, लावून ठेवणं. गंमत म्हणजे सगळ्यात जास्त काम तेव्हाच होतं. दुसरं, स्वयंपाकघराचं सिंक आणि जेवणाचं टेबल या ठिकाणी गाडीचा भाग येणार नाही. बाथरूममध्ये तह झालेला नाही, वाटाघाटी चालू आहेत.

मागच्या दसऱ्याला मुलीने विचारलं, गाडीची पूजा कशी करायची, गाडी कुठाय? शेवटी पाटावर सोलेक्सचा कार्बोरेटर ठेवला. हळदकुंकू, झेंडू, आपट्याचं पान. सासूबाई म्हणाल्या, हे काय आहे ते सांग, म्हणजे नमस्कार करते. त्यांना फ्लोट चेंबर समजावताना नवऱ्याचा चेहरा असा खुलला होता की त्यानंतर बंपर हलवण्याचा विषय मीच काढला नाही.

बाळकूम, अँबेसेडर १९९१

खाडीजवळ राहणाऱ्यांनी पंचांगाकडे बघून काम ठरवावं. पत्रेकाम आणि रंग ऑक्टोबर ते मे. जून लागला की पत्र्याला हात नाही. पावसाळ्यात रंग घासून उघडा केलेला पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी तांबूस झाक आलेली असते, बोट फिरवलं की बोटाला लागते. त्यावरच लांबी (पुट्टी) आणि प्राइमर मारला की काही महिन्यांनी रंगाला फोड येतात. फोड नखाने उचलला तर खाली भुसा. केलेलं काम पुन्हा करावं लागण्याइतकं मन खचवणारं दुसरं काही नाही. म्हणून मी एका वेळी जेवढं त्याच दिवशी इपॉक्सी प्राइमरखाली झाकता येईल तेवढंच घासायचो. एक मडगार्ड, एक दार. नुसत्या रेड ऑक्साइडच्या भरवशावर पावसाळा काढू नका, त्यातून ओल आत जाते.

मग पावसाचे चार महिने काय करायचं? टेबलावरची कामं: वायपर मोटर, स्टार्टर, डिस्ट्रिब्युटर, हॉर्न, मीटर, दाराची कुलपं. माझा वायपर मोटर नेमका जुलैत सुरू झाला, खिडकीबाहेर धो धो आणि आत टेबलावर रिकामा दांडा सपासप फिरतोय. पूर्ण गाडी चालू झाली तेव्हाही इतका हसलो नव्हतो.

वागळे इस्टेट, आपलं गॅरेज आहे

गिऱ्हाइकांच्या बाजूने सगळे लिहितायत, मी आमच्या बाजूने लिहितो. माझ्याकडे कोपऱ्यात कायम एक-दोन गाड्या धूळ खात असतात. मालक चांगला असतो, पैसेही असतात. तो एकदा भरपूर ॲडव्हान्स देतो आणि यायचा बंद होतो. रोजची सर्व्हिसिंगची गाडी आली की ती आधी होते, कारण ती संध्याकाळी जागा मोकळी करते. तुमची गाडी मग मागे सरकते, हे मी नाकारत नाही.

ॲडव्हान्स कामाच्या टप्प्याने द्या. पत्रा झाला, बघितला, हात फिरवला, मग पुढचे. रविवारी येऊ नका, आम्ही बंद असतो. मधल्या वारी या, पाच मिनिटं थांबा, फोटो काढा. मालक येतो हे माहीत असलं की पोरगं पण हात चालवतं. आणि कारागिरांच्या सुट्ट्या धरून चाला. माझे पेंटर उत्तर प्रदेशचे, होळी-ईदला गावी गेले की कधी परततील ते रेल्वेच्या तिकिटावर. मेस्त्री कोकणातला, गणपतीत त्याला देवसुद्धा थांबवू शकत नाही. 'गणपतीपर्यंत द्या' म्हणणाऱ्याला मी सरळ दिवाळी सांगतो.

अजून एक. गाडी चाकांवरून उतरवू नका. इंजिन नसलं तरी चालेल, पण ढकलता आली पाहिजे. जी ढकलता येते ती उन्हात काढता येते, धुता येते, टेम्पोत चढते. विटांवर ठेवलेल्या गाडीखाली आधी मांजर राहायला येतं.

पाचपाखाडी (धागाकर्ता)

मांजर आलंय. पिल्लं पण आहेत.

खारघर, कागदपत्रं-प्रेमी

काकांची गाडी म्हणालात म्हणून विचारतो, आरसी कुणाच्या नावावर? पत्र्यावर आणखी रुपया घालण्याआधी ते उरका. मालक वारल्यावर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, आणि पंधरा वर्षांपुढच्या गाडीच्या नूतनीकरणाला फॉर्म २५. नूतनीकरण दर पाच वर्षांनी, आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. खासगी चारचाकीची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांना १०,००० केली. उशीर झाला तर महिन्यागणिक वर जादा.

'व्हिंटेज' पाटीचा मोह असेल तर ती ५० वर्षांपुढच्या गाड्यांना. २०२१ च्या नियमांनी ही सोय झाली. क्रमांकात 'व्हीए' अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. आणि अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही, रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन-देखभाल एवढ्यासाठीच बाहेर काढायची. तुमची १९८६ ची, म्हणजे २०३६ पर्यंत साधाच मार्ग.

हे रुक्ष वाटेल, पण मला स्वतःला तगवलं ते तपासणीच्या तारखेने. आपण ठरवलेली तारीख आपण हसत हसत पुढे ढकलतो. आरटीओची ढकलायला पैसे पडतात.

वाशी, स्टँडर्ड हेरल्ड, विकली

'सोडलं असेल तरी लिहा' म्हणालात म्हणून. जुळी मुलं झाली, भाड्याची जागा बदलावी लागली, नव्या इमारतीत पार्किंग एकच. विकली. हेरल्डला वेगळी चेसिस असते आणि बॉडीचे भाग बोल्टने बसवलेले असतात, त्यामुळे ती अगदी सुटी करून ठेवता येते. माझी तशीच होती. घेणाऱ्याने आधी वही मागितली. प्रत्येक खोक्याला नंबर आणि वहीत त्या नंबरसमोर आतलं सामान, एवढंच होतं त्यात. त्याने तिथेच चार खोकी उघडून वहीशी ताडून पाहिली आणि मग भावाची घासाघीस केलीच नाही. चेसिसवर नुसता सामानाचा ढीग असता तर भंगाराचा भाव आला असता. आता त्याच्याकडे चालते ती, एकदा पाम बीच रोडवर ओव्हरटेक करून गेली. वाईट वाटलं का? थोडं. मुलांना म्हटलं, ती बघा आपली गाडी. त्यांना खोटं वाटलं.

कळवा, पद्मिनी १९९४

सामान कुठून आणता? टॅक्सीवाल्यांच्या जिवावर पद्मिनीचं सगळं मिळायचं. २० वर्षांची मर्यादा भरून ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी उतरली, तेव्हापासून दुकानदार 'आता कोण ठेवतंय साहेब' म्हणतो.

नेरूळ, पद्मिनी १९७९

कुर्ल्याला सीएसटी रोड, नाहीतर ऑपेरा हाऊसकडची जुनी दुकानं. जुना भाग हातात घेऊन जा, नावाने मागू नका. एका भागाला प्रत्येक दुकानात वेगळं नाव आहे. काचेचं रबर, किंगपिन किट, व्हील सिलिंडरचे वॉशर दिसले की घेऊन ठेवा, गरज पडेल तेव्हा मिळेलच असं नाही. मात्र घरी आल्या आल्या यादीत टाका. माझ्याकडे मास्टर सिलिंडरची किट दोन निघाली, दोन्ही मीच आणलेली.

पाचपाखाडी (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. काकूंशी बोललो, आरसी देव्हाऱ्याच्या खणात आहे म्हणाल्या. फॉर्म ३१ आधी. गॅरेजवाले दादा, एक शंका. इंजिन गोणपाटात पडून बराच काळ लोटला. मन टिकवायला म्हणून ते आधी बसवून एकदा आवाज ऐकावा असं फार वाटतंय. पत्र्याच्या आधी करू का?

वागळे इस्टेट, आपलं गॅरेज आहे

वेल्डिंग बाकी असेल तर गाडीत बसवू नका, ठिणग्या आणि नवी होज पाइप एकत्र नकोत. लोखंडी स्टँडवर चढवा, रेडिएटर जोडा आणि बाहेरच ऐका. पण लगेच सेल्फ मारू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा, क्रँक पुलीला पाना लावून हाताने दोन फेरे फिरवा. अडलं तर तिथेच थांबा, जोर नको. मोकळं फिरलं की नवं ऑइल भरा आणि प्लग न लावताच सेल्फ द्या, ऑइलचं प्रेशर आल्यावर प्लग बसवा. पेट्रोलचे जुने रबरी पाइप आधीच फेकून द्या, आताच्या ई२० ला ते टिकत नाहीत, नरम पडून झिरपतात. गाडीची टाकी या वेळी जोडूच नका, बाटलीतून नवं पेट्रोल द्या, बाटली इंजिनापासून लांब ठेवा आणि बाजूला फायर एक्स्टिंग्विशर हवाच. टाकी नंतर खोलून आत टॉर्च मारून बघा, तळाला गंजाचा चुरा असणारच.