कुंडीतली वेल जमिनीत लावताना

पाऊस लागला की कुंड्या-पिशव्यांतल्या वेली जमिनीत जातात आणि त्यातल्या बऱ्याच पंधरवड्यात माना टाकतात. वेल कोणती, जमीन कशी, काय बिघडतं ते पुढे एकेका वेलीचं दिलंय. 

बोगनवेल, काळी माती
हिची मुळं बारीक आणि ठिसूळ. पिशवी ओढून काढली की मातीचा गड्डा फुटतो, मग वेल गेलीच समजा. आदल्या दिवशी पाणी द्या. पिशवीचा तळ ब्लेडने कापून पिशवीसकट खड्ड्यात ठेवा, निम्मी माती भरा, मग बाजूला उभी चीर देऊन प्लास्टिक अलगद वर काढून घ्या. खड्डा दीड फूट लांब, रुंद, खोल. तळाला चार बोटं विटांचे तुकडे. वर 2 घमेली माती, 1 वाळू, 1 शेणखत. शेणखत पुरतं कुजलेलं हवं, नाहीतर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, आलीच. पिशवीत माती जिथवर होती तिथवरच भरा, खोड पुरू नका.
लावल्यावर पानं गळतात आणि लोक घाबरून रोज पाणी ओततात. वेल मरते ती त्या पाण्याने. नखाने साल जरा खरवडा. आत हिरवं दिसलं तर थांबा, फूट येते.

मधुमालती, कोकणातला जांभा
जांभ्यात खणलेला खड्डा म्हणजे बिनभोकाची कुंडी. आधी बादलीभर पाणी ओतून बघा. सकाळपर्यंत जिरलं नाही तर जागा बदला किंवा वीतभर उंचवटा करून त्यावर लावा. जुलैच्या झोडीत नकोच. मुळाशी आलेला फुटवा मुळासकट कुदळीने तोडून लावला तरी चालतो, फक्त शेंडा छाटून हातभर ठेवा. मांडव आधी, वेल नंतर. साधा बांबू जमिनीत दोनेक पावसाळ्यांत कुजतो आणि तोवर वेल जड झालेली असते. लोखंडी पाइप बरा.

जाई, जुई
भिंतीला चिकटून लावू नये, दीड फूट तरी सोडावं. भिंतीलगतच्या मातीत चुना-सिमेंटचा राडा असतो, त्यात मुळांना लोह घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर कारण बहुधा हेच. वेल काठीला तिरकी टेकवून भिंतीकडे न्यावी.
जुनी जाई हलवायच्या फंदात पडू नये, दाबकलम करावं. खालची फांदी डोळ्याच्या खाली खरवडून मातीत दाबायची, वर दगड. दोन-अडीच महिन्यांनी आईपासून तोडायची, पण उचलायची आणखी पंधरा दिवसांनी.

गोकर्ण
हलवूच नका, सोटमूळ दुखावतं. बी रात्रभर भिजवून जागेवरच टोचा.

कृष्णकमळ
लागायला सोपं, आवरायला कठीण. मुळांवरून दूरवर फुटवे निघतात. खड्ड्याच्या कडेने दीड फूट खोल पत्रा उभा पुरला तर थोडा आळा बसतो.