फोडलेला बर्फ स्नो ब्लोअरने उडवावा का?

नोवीकरीण
मंडळी, तातडीचा प्रश्न आहे. आम्ही मिशिगनात, नोवीला. गराजचं तोंड उत्तरेला, त्यामुळे हिवाळाभर ड्राइव्हवेवर ऊन म्हणून पडत नाही. गाडीच्या चाकांखाली दबलेल्या स्नोवर गेल्या आठवड्यात फ्रीझिंग रेन (जमिनीवर पडताच गोठणारा पाऊस) पडला आणि दोन इंच जाडीची लादी जमली. आज पारा ३६ फॅरनहाइटवर (गोठणबिंदू ३२) गेला, लादी खालून सुटायला लागली, म्हणून सकाळपासून आइस चॉपर घेऊन फोडतेय. बरीचशी फुटली. काही तुकडे लाडवाएवढे, काही पाटाएवढे.

आता हे उचलायचं कसं? घरात २४ इंची टू-स्टेज ब्लोअर आहे. समोरचे शेजारी म्हणतात, घाल मशीन, जाईल उडून. नवरा ऑफिसातून फोनवर सांगतो, हात लावू नकोस, गिअरबॉक्स जाईल. (स्वतः लवकर येऊन उचलायचं मात्र काही बोलला नाही.) रात्री पारा १० वर उतरणार आहे आणि उद्या सकाळी सासऱ्यांना डॉक्टरकडे न्यायचंय. वय ७८. घसरून चालणारच नाही.

बफेलोचा_बंड्या
बिनधास्त घाला. आमच्याकडे रस्त्यावरचा स्नो ढकलत नेणारा प्लाऊवाला ड्राइव्हवेच्या तोंडाशी जो ढीग लावून जातो, त्यात निम्मा बर्फच असतो. तो मी मशीननेच काढतो. सर्वांत खालचा गिअर टाकायचा आणि अर्ध्या रुंदीचाच घास द्यायचा. खडखडाट होतो, होऊ द्यावा.

मिनेसोटाकाका
बंड्या, तुझ्या ढिगात बर्फाभोवती स्नो असतो, तो तुकड्यांना सोबत घेऊन जातो. इथे नुसत्या लाद्या आहेत. एक फूट बाय एक फूट, दोन इंच जाड लादीचं वजन साडेनऊ पाउंडांच्या आसपास भरतं. तेवढ्याच आकारमानाचा ताजा भुसभुशीत स्नो जेमतेम पाउंडभर. मशीन त्या पाउंडाच्या हिशोबाने बनवलेलं असतं.

नोवीकरीण, शेजारी आणि यजमान दोघंही अर्धे बरोबर आहेत. लाडू मशीनला द्या, पाट देऊ नका.

टू-स्टेज मशीनमध्ये पुढचा फिरता ऑगर माल आत ओढतो आणि मागचा इम्पेलर (फिरती पाती) तो शूटमधून, म्हणजे वरच्या नळकांड्यातून, फेकतो. ऑगरच्या दांड्यावर दोन्ही बाजूंना शिअर पिना असतात, मुद्दाम मऊ धातूच्या. काही कडक अडकलं की पिन तुटते आणि गिअरबॉक्स वाचतो. म्हणून पिन तुटली तर हळहळू नका, ती तुटण्यासाठीच आहे. तिच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला कुठलाही कडक बोल्ट मात्र घालू नका. मग पुढच्या अडथळ्याला बोल्ट टिकतो आणि आतलं गिअर जातं. (काही नव्या मशीनना पिनाच नसतात, मॅन्युअल बघा.) खरी अडचण इम्पेलरची. त्याला बहुधा अशी पिन नसते. मोठा तुकडा त्याच्या पात्यात आणि बाहेरच्या डब्यात पाचरीसारखा बसला, की इंजिन बंद पडतं नाहीतर पट्टा जळतो. मूठभर आकाराच्या वरचं काही आत जाऊ देऊ नका.

पाट हाताने हलवा. उचलू नका, कंबर जाईल. मुलांची प्लास्टिकची स्लेड असेल तर स्टीलच्या फावड्याने लाद्या तिच्यावर सरकवा आणि ओढत लॉनवर न्या. रस्त्यावर ढकलू नका, गटाराच्या जाळीवरही नको. उरलेला चुरा मग मशीनने. स्किड शू (मशीनच्या दोन्ही बाजूंच्या घसरपट्ट्या) थोडे खाली घ्या म्हणजे स्क्रेपर, तळाची खरवडणारी पट्टी, वर उचलला जाईल आणि चिकटलेल्या कडांवर आपटणार नाही. शूटची वरची झडप पूर्ण खाली वाकवा आणि तोंड मोकळ्या लॉनकडे करा. उडालेला स्नो अंगावर आला तर हसण्यावारी जातं, बर्फाचा खडा शेजाऱ्यांच्या काचेतून आत जातो. सासऱ्यांना खिडकीत उभं राहून बघू देऊ नका.

आणि शूट तुंबलं तर हात आत घालायचा नाही. इंजिन बंद असलं तरी नाही. अडकलेल्या पात्यात ताण साठलेला असतो, तुकडा निघाला की पातं झटक्यात फिरतं. इंजिन बंद, स्पार्क प्लगची वायर काढलेली, आणि मशीनसोबत येते ती प्लास्टिकची दांडी. ती हरवली असेल तर झाडूचा दांडा. हातमोज्याने काही वाचत नाही.

हे सगळं अंधार पडायच्या आत. आत्ता तुकड्यांमध्ये पाणी आहे, रात्री ते सगळं पुन्हा एक होऊन बसेल.

टोरांटोची_ताई
काकांना +१. शिवाय मिठाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. काँक्रीट की डांबर?

नोवीकरीण
काँक्रीट. ऑक्टोबरमध्येच नवीन घातलंय. सिंगल-स्टेज ब्लोअरवाल्या मैत्रिणीने रॉक सॉल्टची गोणी देऊ केलीय.

टोरांटोची_ताई
गोणी परत करा. नव्या काँक्रीटवर पहिल्या हिवाळ्यात मीठ नको, वरचा थर पापुद्र्यांनी सुटतो. आणि साधं मीठ १५ फॅरनहाइटच्या खाली जवळपास निकामी, तुमच्याकडे तर १० होणार. कॅल्शिअम क्लोराइड त्याहून बऱ्याच खालपर्यंत काम करतं, पण नव्या काँक्रीटला तेही नको. सासऱ्यांच्या वाटेपुरती वाळू टाका.

सिंगल-स्टेजचा विषय निघालाच आहे तर, त्याची रबरी पाती जमिनीला घासत फिरतात. बर्फावर ती फक्त आपटत बसतात. ते मशीन मागून आणू नका.

मिनेसोटाकाका
वाळूला माझंही मत. आमच्या राज्याचं प्रदूषण नियंत्रण खातं सांगतं की चमचाभर मीठ पाच गॅलन पाणी कायमचं नासवतं. इतकी तळी असलेल्या राज्यात मी ते सगळ्यांना ऐकवत असतो, बायको कंटाळलीय.

नोवीकरीण
झालं! पाट स्लेडवरून लॉनवर गेले, धाकट्याने ओढले, त्याला तो खेळच वाटला. चुरा मशीनने उडवला. डाव्या बाजूची एक पिन गेली, मॅन्युअलच्या पाकिटात दोन जादा होत्या. गराजच्या दारापाशी हातभर पट्टा अजून चिकटून आहे, तिथे वाळू टाकलीय. नवरा सहाला आला आणि म्हणाला, सांगितलं होतं ना पिन तुटेल.

मिनेसोटाकाका
छान. मशीन आत ठेवण्याआधी दोन-तीन मिनिटं रिकामं चालवा. आतलं ओलं उडून गेलं नाही तर रात्रीत ऑगर गोठतो आणि पुढच्या वेळी सुरू करताना पहिला झटका शिअर पिनांना बसतो.