मदत हवी आहे: फ्रेंच कायद्याच्या पदव्या इंग्रजीत कशा लिहू?

नमस्कार मंडळी. पॅरिसच्या एका वकीलबाईंचा बायोडेटा फ्रेंचमधून इंग्रजीत करतेय. लंडनमधल्या नोकरीसाठी हवाय, उद्या संध्याकाळी द्यायचाय. बाकी सगळं झालं, शिक्षणाच्या चार ओळींवर घोडं अडलंय.

पहिली 'लिसाँस आं द्रुआ', १९९८. ही साधी तीन वर्षांनंतरची पदवी. पण स्पेलिंग बघून एजन्सीच्या संपादकाने तिचं 'लायसन्स टू प्रॅक्टिस लॉ' करून ठेवलं! म्हणजे बाई शपथ न घेताच कोर्टात उभ्या. ते मी खोडलं. एलएलबीही मुद्दाम टाळलं, लंडनवाल्यांना ती तिकडचीच पदवी वाटेल.

खरी पंचाईत 'मेत्रीझ'ची, १९९९. बाई म्हणतात, 'मास्टर्स' लिहा. पण ही जुन्या पद्धतीतली चौथ्या वर्षाची पदवी. २००२ च्या सुधारणेनंतर आलेलं 'मास्टर' पाच वर्षांनी मिळतं, मेत्रीझ त्यातल्या पहिल्या वर्षाच्या तोडीची. पाचवं वर्ष बाईंनी केलंय, ते 'देस' म्हणून खाली वेगळं आहेच. मग दोन्हींना मास्टर्स? मला नाही पटत.

त्यात मेत्रीझपुढे शेरा 'आसे बियां', २० पैकी १२.८. 'फेअरली गुड' लिहिलं तर कोण दारात उभं करेल? तिकडे १० ला पास करतात आणि १६ च्या पुढे जाणारे विरळाच, हे वाचणाऱ्याला कसं कळावं?

शेवटी 'कापा'. ही आपली सनद म्हणावी तर तसंही नाही. हे वकिलीच्या शाळेचं प्रमाणपत्र. शपथ घेऊन बारच्या यादीत नाव लागणं ही पुढची पायरी. आणि 'आवोका'ला, म्हणजे फ्रेंच वकिलाला, बॅरिस्टर म्हणवत नाही, तो कोर्टातही उभा राहतो आणि ऑफिसात बसून सल्लाही देतो.

कोणी असं काम केलंय का?

प्रतिसाद १: ताई, नावं फ्रेंचच ठेवा, तिरक्या अक्षरांत. पुढे कंसात किती वर्षांचं शिक्षण ते लिहा. कशाच्या बरोबरीचं, हे ठरवणं अनुवादकाचं काम नाही. गुण आकड्यातच द्या, '१० ला पास' एवढी तळटीप पुरे. 'आवोका'ही तसाच ठेवा, पुढे 'पॅरिस बार'.

धागाकर्ती: पटलं, मेत्रीझचं तसंच करते. बाईंना फोन करून सांगावं लागेल, त्या चिडणार. पण 'लिसाँस' फ्रेंचमध्ये ठेवलं तर आमचे संपादक पुन्हा लायसन्स करतील त्याचं काय?

प्रतिसाद १: पीडीएफ पाठवा!