१९६४ ची इम्पाला, समृद्धी महामार्ग आणि ओव्हरड्राइव्ह: कोणता बसवावा?

आर्वीकर
आजोबांची १९६४ ची शेवरोले इम्पाला अजून वाड्यात आहे, सरकीच्या कोठ्याशेजारी. इंजिन ३२७ क्युबिक इंचाचं व्ही-८, म्हणजे जवळपास ५.४ लिटर. कंपनीच्या कागदावर ३०० हॉर्सपॉवर. मागं पॉवरग्लाइड, दोनच गिअरचा ऑटोमॅटिक. मागच्या अॅक्सलचं क्राउन-पिनियन (चाकाच्या एका फेऱ्यामागं शाफ्टचे किती फेरे, ते ठरवणारी दात्यांची जोडी) ३.३६.

दिवाळीत विरूळहून समृद्धीवर चढलो. टायरच्या घेरावरून हिशेब केला तर १०० ला इंजिन मिनिटाला २,५०० फेरे फिरतं, १२० ला ३,०००. इंजिनाला त्याचं काही नाही, पण कानाला आहे. कारंजा यायच्या आत आई मागच्या सीटवरून म्हणाली, "हे गाडी होय का जिनिंग?" पेट्रोलच्या काट्याबद्दल तर बोलायलाच नको.

म्हणून ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिन सावकाश फिरू देणारा वरचा गिअर, बसवायचा आहे. तीन पर्याय काढलेत, पहिले दोन चार गिअरचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. ७००आर४ : पहिला गिअर ३.०६, चौथा ०.७०, म्हणजे १२० ला २,१०० फेरे. २००-४आर : पहिला २.७४, चौथा ०.६७. तिसरा, आहे त्याच गिअरबॉक्सच्या शेपटीला जोडायचा गिअर व्हेंडर्सचा ओव्हरड्राइव्ह, ०.७८. माझं मन ७००आर४ कडं आहे. चुकत असेन तर सांगा.

ट्रॅक्टर_मिस्त्री
भाऊ, राग नको येऊ देजो, पण तुले वर्षातून समृद्धी लागते किती वेळा? दिवाळी, एखादं लग्न, शिर्डी झाली तं झाली. बाकीचे दिवस ते गाडी बैलबंड्या अन् रिकाम्या ट्रॉल्यांच्या मांगंच चालते. तिथं चौथा गिअर कायले पाहिजे?

पॉवरग्लाइडसारखी सोपी पेटी नाही. एक बँड, एक पुढचा क्लच, एक रिव्हर्सचा, संपलं. मी एक खोलून भरली आहे, ढेपेच्या पोत्यावर पार्ट मांडून. तुह्या ७००आर४ ले रस्त्यात काही झालं तं कोन खोलन? आवाजच कमी कराचा असन तं ३.०८ चं क्राउन-पिनियन टाक. १२० ला अडीचशे फेरे कमी होतीन अन् पेटीले हात लावाचं काम नाही.

नागपुरी_कार्ब्युरेटर
मिस्त्रींचा सल्ला अर्धाच ऐका. पॉवरग्लाइडचा पहिला गिअर १.७६. त्याला ३.३६ नं गुणलं तर ५.९. म्हणजे ही गाडी आजच जवळपास दुसऱ्या गिअरवर उचलते. ३.०८ टाकलं की ५.४. मे महिन्यात ४६ डिग्रीत वरातीमागं चालवून पाहा. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि पेटी तेलातून जोडणारा भाग) घसरत राहील आणि तेल नुसतं उकळेल. ७००आर४ ला हाच गुणाकार १०.३ येतो. ओव्हरड्राइव्हची चर्चा सगळे चौथ्या गिअरवर करतात. आपल्या खेड्यातल्या रस्त्यावर खरा फायदा पहिल्याचा आहे.

पण आर्वीकर, एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. ७००आर४ ची टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल म्हणजे नुसती किकडाऊनची, पाय दाबला की खालचा गिअर पाडणारी दोरी नव्हे. पेटीच्या आतलं तेलाचं प्रेशर ती ठरवते. कार्ब्युरेटरच्या आर्मवर ती ज्या कोनात ओढली जायला हवी तो चुकला, की प्रेशर कमी आणि क्लच घसरायला सुरुवात. मी हे पैसे देऊन शिकलोय. एका गॅरेजनं माझ्या गाडीत केबल "अंदाजानं" लावली. दोन-तीन आठवड्यांत दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन मोकळं धावायला लागलं. डिपस्टिक काढली तर लाल तेल काळ्या चहासारखं, आणि वास फोडणी करपल्यासारखा. ३-४ चा क्लच पॅक गेला होता. तेव्हा १९८७ नंतरची पेटी घ्या, लॉक-अपची (कन्व्हर्टर घट्ट जोडून त्याचं घसरणं थांबवणारी) वायर नीट जोडा आणि रेडिएटरच्या पुढं वेगळा ऑइल कूलर लावा. लॉक-अप न जोडता ओव्हरड्राइव्हवर लांब गेलात तर कन्व्हर्टर सतत थोडा घसरतो आणि तेल तापत राहतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याला माफी नाही.

ट्रॅक्टर_मिस्त्री
म्हन्जे तुमचीच पेटी जळली अन् तेच पेटी दुसऱ्याले घ्याले लावता. वा!

नागपुरी_कार्ब्युरेटर
केबल चुकली होती, पेटी नाही.

कोरडवाहू
माझं मत २००-४आर ला. ६४ ची चेसिस एक्स आकाराची आहे, प्रोपेलर शाफ्ट (पेटीपासून मागच्या अॅक्सलपर्यंतचा फिरता दांडा) दोन तुकड्यांचा आणि मधे सेंटर बेअरिंग. ७००आर४ पॉवरग्लाइडपेक्षा साधारण ३ इंच लांब, म्हणजे पुढचा शाफ्ट कापून बॅलन्स करणं आलं. २००-४आर ची लांबी जवळपास पॉवरग्लाइडएवढीच. ब्यूकच्या टर्बो ग्रँड नॅशनलमध्ये हीच पेटी होती, त्यामुळं नीट बांधलेली असेल तर ३०० घोडे झेपतात. आणि ते ३०० पण ग्रॉस. अमेरिकेत १९७१ पर्यंत पंखा, सायलेन्सर बाजूला काढून आकडा छापायचे. चाकावर पोचणारे बरेच कमी. केबलची कटकट मात्र हिलाही तेवढीच आहे, ते लपवत नाही.

मेहकरी
सगळे पेटीत अडकले. कागदाचं काय? २०२१ च्या केंद्राच्या नियमांनी ५० वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए', म्हणजे व्हिंटेज गाडीचा, नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल चालत नाही. गिअरबॉक्सचं नाव त्यात नाही, पण पेटी बसवायला चेसिस कापली की गेलात कामातून. दुसरं, व्हीए नंबरची गाडी रोज चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढंच. मग समृद्धीसाठी पेटी घेऊन करायचं काय? तो नंबर घ्यायचा विचार असेल तर फक्त गिअर व्हेंडर्स. इंग्रजी लेकॉक ओव्हरड्राइव्हच्याच वंशातला आहे तो, आणि उद्या काढला तर आजोबांची गाडी जशीच्या तशी.

कोरडवाहू
जशीच्या तशी कशी? त्याच्यासाठीही पुढचा शाफ्ट छोटा करावाच लागतो. शिवाय त्या एक्सच्या पोटात तो मावतो की नाही, हे आधी गाडीखाली झोपून मोजा.

पांढरं_सोनं
एक विचारू? ब्रेक कोणते आहेत?

आर्वीकर
चारही ड्रम. मूळचेच.

पांढरं_सोनं
म्हणजे चारही चाकांना ब्रेकचं तेल दाबणारा मास्टर सिलिंडरही एकाच सर्किटचा. एक पाइप फुटला की चारही चाकं मोकळी. आणि तुम्ही गाडी शांत करायच्या मागं लागलात. सध्या १२० ला आवाजानंच तुमचा पाय वर येतो. २,१०० फेऱ्यांवर ८० चाच भास होईल, शिवाय ओव्हरड्राइव्हमध्ये पाय सोडला तर इंजिन आता धरतं तेवढंही धरणार नाही. सिमेंटचा रस्ता, समोर अचानक रानडुक्कर. पावणेदोन टनाची गाडी आहे, भाऊ.

ट्रॅक्टर_मिस्त्री
हे बरोबर बोलले.

नागपुरी_कार्ब्युरेटर
ब्रेकचं मान्य. पण ब्रेक खराब म्हणून इंजिन ओरडत ठेवायचं, हा युक्तिवाद मला पटत नाही. दोन्ही कामं करा.

आर्वीकर
काल सरकीच्या पोत्यांवर जॅक ठेवायची चूक न करता गाडी नीट उचलली आणि खाली गेलो. एक्सच्या पोटात पॉवरग्लाइडच्या शेपटीपुढं जागा अगदीच चिंचोळी. माझा हात मनगटापर्यंत जातो, कोपर नाही. गिअर व्हेंडर्स तिथं चेसिसला हात न लावता बसेल असं वाटत नाही, त्यामुळं तो बाद. मेहकरी, व्हीए नंबर घेणार नाही. आईला शिर्डीला न्यायचं आहे आणि ती याच गाडीनं जाणार म्हणते.

दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर आणि पुढं डिस्क, हे आधी. पेटी उन्हाळ्यानंतर. मिस्त्री, ३.०८ घेणार नाही, पण पॉवरग्लाइड विकणारही नाही, ग्रीस लावून कोठ्यात ठेवतो. ७००आर४ की २००-४आर यावर कोरडवाहूंनी खरंच घोळ घातलाय. आर्वीत ३ इंच शाफ्ट कापून बॅलन्स करून देणारा कोणी सापडतो का, ते बघतो.

ट्रॅक्टर_मिस्त्री
आर्वीत नाही भेटन. पुलगावले ये, ट्रकचे शाफ्ट रोज होतात. सेंटर बेअरिंग सोबत आनजो, त्याचं रबर गेलंच असन.