‘सेल्डम’ असलं की क्वेश्चन टॅग होकारार्थी का?

करवीरकर: बारावीच्या सराव प्रश्नपत्रिकेतलं वाक्य आहे, ‘ही सेल्डम व्हिजिट्स पन्हाळा’. मी टॅग, म्हणजे वाक्याच्या शेवटी जोडायचा छोटा प्रश्न, ‘डजन्ट ही?’ लिहिला, उत्तरसूचीत ‘डज ही?’ आहे. वाक्यात नॉट कुठंच नाही, मग असं का? सेल्डम म्हणजे समटाइम्सच ना?

पंचगंगाकाठ: उत्तरसूची बरोबर आहे. समटाइम्स म्हणजे अधूनमधून जातो. सेल्डम म्हणजे जवळजवळ जातच नाही. म्हणून नॉट दिसत नसलं तरी वाक्य नकारार्थी धरतात आणि टॅग त्याच्या उलट, म्हणजे होकारार्थी येतो. नेव्हर, रेअरली, हार्डली, स्केअर्सली यांनाही हाच नियम. तिथं समटाइम्स असतं, तर तुझं ‘डजन्ट ही?’ बरोबर ठरलं असतं.

घोळ होतो तो भाषांतरात. ‘तो पन्हाळ्याला फारसा जात नाही’ यातला ‘नाही’ इंग्रजीत नेला की ‘ही डज नॉट सेल्डम व्हिजिट’ होतं, आणि अर्थ निघतो की तो बऱ्याचदा जातो! मनात ‘क्वचितच जातो’ असं वाक्य धर, नॉट आपोआप गळेल.

कट्टेकरी: वाक्यरूपांतरातही हेच कामी येतं. नॉट ऑफन म्हणजेच सेल्डम. ‘इट डज नॉट ऑफन रेन इन फेब्रुवारी’ याचं ‘इट सेल्डम रेन्स इन फेब्रुवारी’. डज गेलं की त्याचा एस क्रियापदाला लागतो. पोरं नेमका तोच विसरतात आणि मार्क जातो. सेल्डम वाक्याच्या सुरुवातीला आलं तर डज परत येतं, ‘सेल्डम डज इट रेन’, आणि रेनचा एस जातो.

सेल्डमची जागा मुख्य क्रियापदाच्या आधी. इज, आर, वॉज असेल तर त्यानंतर, ‘शी इज सेल्डम लेट’. हॅव किंवा कॅन असेल तरी त्याच्या लगेच नंतर.

करवीरकर: समजलं दादा. बोलताना पण सेल्डमच वापरू?

पंचगंगाकाठ: पुस्तकी वाटतं. बोलताना ‘आय डोन्ट ऑफन गो’ किंवा ‘आय हार्डली एव्हर गो’ म्हण. फक्त हार्ड आणि हार्डली यांची गल्लत करू नको. शिरोली एमआयडीसीत मुलाखतीला ‘आय वर्क हार्ड’ म्हणालास तर कष्टाळू. ‘आय हार्डली वर्क’ म्हणालास तर काम जवळजवळ करतच नाही, असं सांगून बसशील.